चाळीस ग्रेन की पंचावन्न

बापूकाका, आपला वाद तसाच राहिला. कोल्ह्याला चाळीस ग्रेनची गोळी घालायची की पंचावन्नची, यावर आपण सात वर्षं भांडलो. परवा इथं इंग्लंडात, स्लाऊच्या क्रेमेटोरियममध्ये तुमच्या पेटीवर झेंडू ठेवताना मला एकही श्लोक आठवेना. आठवत होतं ते तुमचं एकच वाक्य: "हलकी गोळी फोडती, मारत न्हाई." दोन्ही गोळ्यांच्या वजनात फरक किती, तर एका ग्रॅमचा. त्या ग्रॅमपायी आपण हेलनच्या शेतावर, तुमच्या शेडमध्ये आणि एकदा तर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, बायका वाण लुटत असताना, आवाज चढवून भांडलो होतो.

इथं सगळंच उलटं. अचानक गेलेल्या माणसाचं पोस्टमॉर्टेम, मग कागद, मग क्रेमेटोरियमची तारीख. तुमचा तेरावा आधी झाला आणि दहन सोळाव्या दिवशी. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं, "बापूसाहेब म्हणजे अत्यंत शांत, अहिंसक व्यक्तिमत्त्व." मी मागच्या बाकावर होते, मला हसू आवरेना. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. या लोकांनी तुम्हाला गणपतीचं मखर व्हर्निअर लावून मोजताना पाहिलं होतं. ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात तुम्ही तीस वर्षं लेथवर काढलीत, हेही त्यांना ठाऊक होतं. पण कारखान्याच्या रायफल क्लबात तुम्ही नेमबाजी शिकलात आणि निवृत्तीनंतर दर आठवड्याला चिल्टर्नच्या टेकड्यांत जाऊन कोल्हे मारत होता, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मलाच तेवढं सांगितलंत. मी तेव्हा नुकतीच पुण्याहून आलेली, घटस्फोटाची फाइल बॅगेत घेऊन फिरणारी, सगळ्या जगावर चिडलेली. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "तुझा हात स्थिर हाय. रागवून पण स्थिर हाय. रविवारी रेंजवर ये."

हेलनच्या शेतावर मला पहिल्यांदा नेलंत तेव्हा रायफल गाडीतून काढू दिली नाहीत. आधी खुराडं दाखवलंत. रात्री दाराची कडी राहिली होती आणि कोल्हा आत शिरला होता. खाण्यासाठी त्यानं एक कोंबडी नेली असेल. बाकीच्या नुसत्या मारल्या होत्या. मुंडकी वेगळी, धडं वेगळी, भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त, आणि एक तांबडी कोंबडी मान अर्धी तुटलेली असताना अजून पाय झाडत होती. हेलन, साठीची बाई, नवरा गेल्यावर एकटीनं मेंढ्या आणि कोंबड्या सांभाळणारी. ती दारात हाताची घडी घालून उभी होती. तुम्ही त्या तांबडीची मान पिरगळलीत आणि मला गोणपाट दिलंत. "हे सगळं उचल. मग बंदूक." मी उचललं. कोपरापर्यंत हात भरले आणि माझा कोल्ह्यावर जो राग बसला तो आजतागायत उतरलेला नाही. तुम्हाला मात्र त्याचा राग कधीच आला नाही. "त्याचं काम त्यो करतोय, आपलं आपण करायचं," एवढंच म्हणायचात. तुमचा हा समंजसपणा मला भयंकर डोक्यात जायचा.

त्याच आठवड्यात तुम्ही एक कोल्हा पाडलात, नव्वद यार्डांवर, पहाटे. तो नुसता उभ्या जागी खाली बसला. मग गाडीचं मागचं झाकण पाडून, त्यावर प्लास्टिक अंथरून, तुम्ही त्याला उघडलंत. कातड्यावर वाटाण्याएवढं भोक होतं. आत फुप्फुसं उरलीच नव्हती, लाल लगदा होता आणि बरगड्यांचे तुकडे. पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली, टोक उमललेलं, शिसं बाहेर आलेलं. ती माझ्या तळहातावर ठेवलीत. अजून गरम होती, की रक्त गरम होतं, कोण जाणे. "पंचावन्न ग्रेन, मऊ टोक. हाड फोडून आत गेली, आत उमलली आणि आतच ऱ्हायली. आपण मेलो हे त्याला कळलंसुद्धा न्हाई. त्याला द्यायला आपल्याकडं एवढंच असतंय, मृणाल."

पण मी पडले कॉम्प्युटरवाली. मी तक्ते काढले. चाळीस ग्रेनची प्लास्टिकच्या टोकाची गोळी किती वेगानं सुटते, किती सपाट जाते, मातीत लागली तर कशी चुरा होऊन थांबते, उसळून दुसरीकडं जात नाही. हेलनच्या शेताला लागून सगळ्यांना खुली पायवाट आहे, रविवारी लोक कुत्री घेऊन फिरतात, मग हलकी गोळीच सुरक्षित नाही का? तुम्ही माझा लॅपटॉप मिटलात. "गोळीच्या मागं मातीचा बांध नसंल तर चाप ओढायचाच न्हाई. स्वतःची जबाबदारी गोळीवर ढकलू नगंस. आणि ती तुझी हलकी खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्या वर फुटती. खड्डा पडतो, जनावर मरत न्हाई." मी म्हटलं, "मी खांद्यावर मारणारच नाही, काका." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला खोकला लागला.

तुमचा एक नियम होता. जखमी जनावर मागं ठेवून जेवायला बसायचं नाही. रक्ताच्या थेंबांमागं जायचं, काट्यात शिरायचं, रांगायचं, पण संपवूनच परत यायचं. मला वाटायचं हा तुमचा कागलकडचा, वडिलांच्या शिकारीच्या गोष्टींतला बडेजाव आहे. एकदा तुम्ही एका कोल्हीसाठी ब्लॅकबेरीच्या काट्यांत दोन तास पोटावर सरकत होता, कपाळ फाटलेलं, रक्त डोळ्यात येतंय. तिच्या मानेवर पाय ठेवून शेवटची गोळी घातलीत, बाहेर आलात आणि बांधावर बसून घडाघडा रडलात. ते मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण त्या अहिंसक व्यक्तिमत्त्वापेक्षा मला हा माणूस जास्त आवडतो.

आता मुद्द्यावर येते. इथवर मी टाळाटाळ केली.

गेल्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणं मी माझी रायफल घेऊन तुमच्याकडं आले. मागच्या खोलीत पाटावर तुमच्या रायफली, तुमचं व्हर्निअर, काकूंची विळी, आणि माझा लॅपटॉप. "ह्ये पण शस्त्रच की तुझं, दिसभर त्यावर भांडतीस." वेम्बलीहून आणलेले झेंडू, नळीत तेलाचा बोळा फिरवलेला, आणि प्रत्येक दस्त्यावर तुमच्या अंगठ्यानं कुंकवाचं एक बोट. ते कुंकू पुसायचं नाही, वर्षभर हाताळताना आपोआप जाईल तेव्हा जाईल, हा तुमच्या वडिलांचा नेम होता. तुम्ही तो या देशात पन्नास वर्षं पाळलात.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी एकटी हेलनकडं गेले. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन मी नळीतून कोरडा कपडा तीनदा ओढून काढला होता. तुम्हीच शिकवलेलं, तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडं जाते. शेवटचा कपडा पांढरा स्वच्छ निघाला होता. हे लक्षात ठेवा, काका. मी मात्र तुम्ही भरून दिलेली काडतुसं घेतली नाहीत. दुकानातून चाळीस ग्रेनचा डबा आणला होता, तुम्हाला न सांगता. माझी रायफल तुमच्या पंचावन्नला झिरो केलेली, म्हणजे ती गोळी नेम धरला तिथंच लागावी अशी बसवलेली. नव्या गोळीसाठी ती पुन्हा बसवायला हवी होती. मी केलं नाही. दोन-पाच गोळ्या कागदावर मारायला अर्धा तास लागला असता. मला तुम्हाला कोल्हा दाखवायचा होता आणि मग म्हणायचं होतं, बघा, चाळीसनं मेला.

कोल्हा बांधाच्या खाली आला, आडवा उभा राहिला. मी चाप ओढला. तो ओरडला. कोल्हा ओरडतो तेव्हा बाई ओरडल्यासारखं वाटतं हे तुम्ही सांगितलं होतंत, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं, कारण तुमचे कोल्हे ओरडत नसत. गोळी खाली आणि पुढं बसली होती, पुढच्या उजव्या खांद्याच्या हाडावर. दुर्बिणीतून मला दिसलं, मांसाचा खड्डा पडला होता, पाय कातड्यावर लोंबत होता आणि तो वळून वळून स्वतःच्याच पायाला चावत होता. दुसरी गोळी चुकली. तो कुंपणाच्या काट्यांत शिरला. मी मागं गेले. दहा मिनिटं. आत तो ओरडत होता, अगदी जवळ, हाताच्या अंतरावर असेल. नऊ वाजता माझा स्टँडअप होता, ऑफिसची रोजची ऑनलाइन मीटिंग. नवा मॅनेजर होता. मी परत फिरले, गाडीत बसून कॅमेरा बंद ठेवून मीटिंग केली आणि "नो ब्लॉकर्स", माझं काही अडलेलं नाही, म्हणाले.

दुपारी तुमच्याकडं जेवायला आले. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, "चुकली, काका. लांबून गेली, गवतात." तुमचा चेहरा पडला. "कालचं तेल," म्हणालात. "पहिली गोळी मातीत टाक म्हणून सांगायला मी इसरलो. म्हातारा झालो." तुम्ही उठलात, माझी रायफल घेतलीत, स्पिरिटचा बोळा आणलात आणि माझ्या डोळ्यांदेखत दस्त्यावरचं कुंकू पुसून टाकलंत. मग तुमच्या रायफलींवरचंही. "बापाचा नेम होता. पण पूजेपायी नेम चुकायला लागला तर काय करायचं?" काकूंनी श्रीखंड वाढलं. मी जेवले. दोनदा श्रीखंड घेतलं. काट्यांत तो पाय चावत होता आणि मी पुऱ्या खात होते.

तेव्हाच बोलले असते तर तुम्ही मला फाडून खाल्लं असतंत, मग आपण दोघं त्या काट्यांत शिरलो असतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. मी बोलले नाही. नोव्हेंबरात नाही, ख्रिसमसला नाही. तुम्ही नवीन काडतुसं भरताना दर वेळी म्हणायचात, "नळी कोरडी हाय न्हवं?" आणि मी दर वेळी हो म्हणायची. मला तुमचाच राग यायला लागला. इतकं साधं कसं काय मानलं या माणसानं?

मार्चमध्ये हेलनच्या मेंढ्या व्यायला लागल्या. अर्धवट बाहेर आलेल्या कोकरांच्या जिभा खाल्लेल्या सापडायला लागल्या, जिवंत कोकरांच्या शेपट्या आणि नाकं कुरतडलेली. हेलननं तुम्हाला फोन केला. तुम्ही एका संध्याकाळी बांधावर बसून नुसतं बघून आलात, आणि त्याच संध्याकाळी मला फोन केलात.

"मृणाल, तुझा एक कोल्हा ऱ्हायलाय हेलनकडं. तीन पायांचा हाय. उद्या सकाळी येतीस?"

तीन पायांचा म्हणजे कुठला, ते मला लगेच कळलं. तरी मी म्हटलं, "काका, उद्या रिलीज आहे. प्रॉडक्शनला जातंय सगळं. शनिवारी चालेल?"

"शनिवारपतुर कोकरं ऱ्हायची न्हाईत. बरं, मी बघतो."

तुमच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी गेले असते, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण हेही खोटंच.

हेलनला तुम्ही सकाळी आठला सापडलात. पालथे, बांधावर, रायफल शेजारी. पोलीस आले तेव्हा रायफलीचा बोल्ट उघडा होता आणि काडतूस तुमच्या वरच्या खिशात, बटण लावलेलं. छातीत कळ आल्यावर माणूस काय करतो? तुम्ही आधी बंदूक रिकामी केलीत. मग खिशाचं बटण लावलंत. त्या पोलीस बाईंनी हे दोनदा सांगितलं, त्यांना त्याचं नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं, मला फक्त किंचाळावंसं वाटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मार्चच्या ओल्या गवतात पोटावर पडून माझ्या पापाची वाट बघत होता आणि मी स्क्रीनवरच्या एका बटणाचा रंग बरोबर आलाय का ते तपासत होते.

क्रेमेटोरियमहून परत आल्यावर काकू म्हणाल्या, "ती पोलीस पोरगी मला विचारत हुती, दस्त्यावर लाल डाग कसला, ह्यांना कुठं लागलं हुतं का. मी म्हटलं, रक्त न्हाई बाई, कुंकू हाय." मी म्हटलं, कुंकू तर त्यांनी दसऱ्यालाच पुसलं होतं. काकू म्हणाल्या, "आदल्या सांजेला तुला फोन केला न्हवं, त्याच्यानंतर मागितला करंडा. मी म्हटलं, आता कुठली नवमी? तर म्हणाले, मधी उगंच पुसलं हुतं मी."

काका, मी तिथंच, जिन्याच्या पायरीवर बसले. तुम्ही दुर्बिणीतून तो खांदा पाहिला होतात. वरच्या वर फुटलेल्या गोळीचा खड्डा, बरा झाला तरी खड्डाच. तुम्ही मला कधी हलकी गोळी भरून दिली नव्हती. म्हणजे गोळी गवतात गेली नव्हती, डबा दुकानातला होता, आणि तेलाचा काही संबंध नव्हता. इतकं सगळं एका नजरेत वाचून तुम्ही मला फोन केलात, "येतीस?" म्हणालात, आणि मी नाही म्हटल्यावर गुपचूप कुंकू परत लावलंत.

काल पहाटे मी हेलनकडं गेले. परवा संध्याकाळीच रेंजवर जाऊन तुमच्या हातच्या शेवटच्या डब्यातल्या पाच गोळ्या कागदावर मारून आले होते, पाचही एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. ऑफिसला कळवलं की येणार नाही, कारण दिलं नाही. तुम्ही जिथं पडलात ती जागा हेलननं दाखवून ठेवली होती. मी तिथंच पालथी पडले.

उजाडल्यावर तो आला. तीन पायांवर उड्या मारत, बरगड्या दिसत होत्या, पळणारं काही पकडता येत नाही म्हणून हळू चालणारं शोधत. एक कोकरू उठायची धडपड करत होतं. त्यानं त्याचा मागचा पाय धरला. कोकरू ओरडत होतं, मेंढी पाय आपटत होती आणि माझ्या रेषेत दोन्ही जनावरं होती. मी थांबले. त्यानं कोकराला ओढलं, मांडी फाडली, मला सगळं दिसत होतं, हाडापर्यंत. मेंढीनं धडक मारली तेव्हा तो बाजूला झाला आणि आडवा उभा राहिला. मागं बांधाची माती होती. मी चाप ओढला. तो उभ्या जागी खाली बसला. ओरडला नाही.

कोकरू वाचण्यासारखं नव्हतं. हेलन आली आणि तेही मला करावं लागलं. मग मी गाडीचं झाकण पाडलं आणि त्याला उघडलं, तुम्ही शिकवलंत तसं. तुमची पंचावन्न पलीकडच्या कातड्याखाली होती, उमललेली. खांद्याच्या जुन्या जखमेत, कातड्याच्या आत, माझ्या चाळीसवरच्या तांब्याच्या पापुद्र्याचे बारीक चकचकीत कण अजून रुतलेले होते. पाच महिने तो ते घेऊन फिरला. मी हेलनला सगळं सांगितलं. ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "ऑक्टोबरमध्येच सांगायचं होतंस, मूर्ख बाई." मग तिनं फावडं आणलं आणि आम्ही दोघांना पुरलं, कोल्ह्याला आणि कोकराला.

वाद तुम्ही जिंकलात. पण हेही ऐका: रायफल बसवून घेतली असती तर चाळीसनंही तो त्या दिवशी मेला असता. हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार, आणि आता ते खोडून काढायला कुणी नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी तशीच, हाताला वास येत असताना, तुमच्या घरी गेले. काकूंना पहिल्यापासून सांगितलं. डबा, न केलेला झिरो, दहा मिनिटं, स्टँडअप, श्रीखंड. "तेल नव्हतं, काकू. मी पुसून काढलं होतं. मी त्यांना खोटं बोलले आणि ते त्यापायी तिथं जाऊन पडले." काकू खिडकीतून बघत होत्या. मला वाटलं, त्या मला जा म्हणतील, आणि मी गेले असते.

त्यांनी विचारलं, "जनावर संपलं न्हवं?"

मी म्हटलं, हो.

त्या उठल्या, आत जाऊन ताट घेतलं, भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला, आणि टेबलावर तुमच्या खुर्चीसमोर ठेवलं. "हात धू आणि जेव."

मी हात धुतले. मी जेवले, काका.